‘सोयीनुसार’ म्हणजे कोणाच्या सोयीने?

दोन वर्षांपूर्वीची, मार्च अखेरची गोष्ट. हिशेबाची घाई असल्यामुळे शनिवार असूनही आम्ही कार्यालयातच होतो. दुपारी दीडच्या सुमारास अमरावतीच्या एस.टी. स्टँडवरून एका ओळखीच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "भाऊ, लवकर या. इथं मारामारीची पाळी आली." पोचलो तर अकोल्याच्या गाडीसमोर पंधरा-वीस माणसांचा घोळका. मधोमध सात वर्षांची मुलगी. तिचा एक हात बापाच्या हातात, दुसरा मामाच्या हातात. आई थोडी बाजूला, पदराने तोंड झाकून उभी.

"महिना झाला, पोरीचं तोंड पाह्यलं नाही. मी का तिले खाऊन टाकतो?" बाप ओरडत होता.

"पैसे पाठवत नाही तं पोरगी कायले दाखवाव?" मामाचा आवाज त्याच्याही वर.

बापाने शर्टाच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला स्टॅम्प पेपर काढला व आमच्या हाती दिला. त्यावर लिहिले होते : ‘मुलगी आईकडे राहील. वडिलांना सोयीनुसार मुलीस भेटता येईल.’ बाप म्हणाला, "माही सोय आज हाय." मामा म्हणाला, "आमची आज नाही." कागदाप्रमाणे दोघेही बरोबर होते! आणि वाचकहो, लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. तो कागद आमच्याच हातचा होता.

त्या गोंधळात मुलीने फक्त एक प्रश्न विचारला. "बाबासंग गेली तं मी परत कवा येईन?" पंधरा-वीस मोठी माणसे तेथे उभी होती. एकालाही उत्तर देता आले नाही. त्या दिवशी ती कोठेच गेली नाही. बाप तीनच्या गाडीने परत गेला. आणलेल्या फ्रॉकची पिशवी तेवढी आमच्याजवळ देऊन गेला.

तो कागद कसा झाला होता? जसा आपल्याकडे नेहमी होतो तसाच. नवराबायकोचे पटेना. दोन्हीकडची चार वडीलधारी मंडळी विहाराच्या ओट्यावर बसली. दोन तास चर्चा झाली ती भांड्यांची, लग्नातल्या पैशांची, पोतीची आणि शिलाई मशीनची. कोणते पातेले कोणाचे, हे आम्ही नगवार लिहिले. मशीनचा क्रमांकसुद्धा लिहिला. शेवटी कोणीतरी म्हणाले, "अन् पोरीचं?" सगळे दमले होते. ज्याला त्याला घरी जायचे होते. आम्ही एका ओळीत पोरीचे आटोपले. बी.कॉम. झालेल्या, कचेरीत वीस वर्षे नोंदी ठेवणाऱ्या माणसाने मशीनचा क्रमांक लिहावा आणि मुलीच्या वाट्याला ‘सोयीनुसार’ हा शब्द द्यावा, याचा आम्हाला आजही राग येतो.

दुसरे असे की, स्टॅम्प पेपर शंभराचा असो की आताचा पाचशेचा, त्यावर फारकत लिहिली म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने घटस्फोट झालाच असे नाही. पुढे कोणी दुसरे लग्न केले, नोकरीत नाव लावायचे झाले, की अडचण उभी राहते. एकत्र राहणे अशक्यच असेल तर संमतीचा घटस्फोट घ्यावा. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात १३-ब हे कलम आले. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, त्यानंतर सहा महिने थांबायचे. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. त्या अर्जासोबत ज्या अटी लिहून द्यायच्या असतात, त्यांत मुलांचे वेळापत्रक लिहिता येते. तेथे आळस केला की तो स्टँडवर फेडावा लागतो.

‘हिंदू’ नाव पाहून आपले काही लोक बिचकतात. हा कायदा आपल्याला कसा, असे विचारतात. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञान व पालकत्व कायदा हे दोन्ही बौद्धांना लागू आहेत, तसे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि जे अडवले गेल्यामुळे १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे करून पुढे हे कायदे झाले. पालकत्वाचा भागही त्या बिलात होता.

आता एक मोठा गैरसमज. "पाच वर्षं झाले की पोरगं बापाचं" हे वाक्य आम्ही अमरावतीत ऐकले, अकोल्यात ऐकले, खेड्यांत तर सर्रास ऐकतो. एका गावी तर मुलाच्या पाचव्या वाढदिवशी केक कापायच्या आत बापाकडची मंडळी गाडी घेऊन दारात हजर झाली होती. कायदा असे काही म्हणत नाही. कायदा एवढेच म्हणतो की, पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे. पाचनंतर ते आपोआप बापाचे होते, असे कोणत्याही कलमात नाही. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात मुलाचे हित हीच सर्वांत मोठी गोष्ट मानली आहे. मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे, या अर्थाचे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. पूर्वी बाप जिवंत असेपर्यंत आईला पालक म्हणून सही करता येत नाही, असा अर्थ लावला जाई. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात तोही अडसर दूर झाला. आणि मूल कळते झाले असेल तर न्यायाधीश त्याचे म्हणणे विचारात घेऊ शकतात, ही तरतूद तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातली, इंग्रजांच्या वेळची.

स्टँडवरच्या त्या प्रकारानंतर आम्ही ठरवले की, हा कागद आपण बिघडवला, आपणच दुरुस्त करायचा. आई ऐकायला तयार होती, बापही. प्रश्न होता अंतराचा. परदेशात मुलांच्या पाळ्यांचे बरेच नमुने आहेत. सोमवार-मंगळवार आईकडे, बुधवार-गुरुवार बापाकडे, शुक्रवार ते रविवार पुन्हा आईकडे, आणि पुढच्या आठवड्यात याच्या उलट, असा एक. एक आठवडा येथे, एक आठवडा तेथे, असा दुसरा. स्वीडनसारख्या देशात अशी मुले पुष्कळ. ज्यांची दोन घरे एकाच गावात आहेत, शाळा मध्ये आहे, त्यांना ते जमते. आमची मुलगी अमरावतीच्या शाळेत, बाप अकोल्याच्या दाल मिलमध्ये. मध्ये शंभर किलोमीटर. शिवाय निम्मे-निम्मे म्हणजेच न्याय, असेही नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ साली दोघांची जबाबदारी समान धरून चालायचा कायदा केला होता. ते गृहीत त्यांनी २०२४ पासून काढून टाकले आणि मुलाच्या हिताकडे आधी बघा, असे ठरवले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्याचा कायदा अजून झालेला नाही. पण आईबापांनी आपसांत लिहून घ्यायला कोणी अडवलेले नाही.

आम्ही दोघांना वेगवेगळे बसवले. आधी फक्त अडचणी लिहून घेतल्या. बापाची साप्ताहिक सुटी गुरुवारी, मुलीची रविवारी. शनिवारी तिची शाळा सकाळची. कोर्टाच्या आवारातल्या एका टायपिस्टाने छापील नमुना दिला होता, त्यात ‘दर रविवारी ११ ते ५’ असे होते. म्हणजे बापाने खाडा करायचा, अकोल्याहून यायचे आणि अनोळखी बागेत सहा तास पोरीला फिरवायचे. त्याच नमुन्यात सणांच्या रकान्यात गणेशोत्सव, होळी, दिवाळी. आमची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. चौदा एप्रिल कोठे आहे? बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सहा डिसेंबर? खरी ओढाताण तर याच दिवशी होते. पांढरा फ्रॉक घालून पोरगी कोणाच्या मिरवणुकीत चालणार, यावरून दोन घरांत अबोला धरला जातो. छापील नमुना बाजूला ठेवला आणि कोरी वही घेतली.

पहिले ठरले ते ठिकाण. स्टँडवरचा तमाशा पुन्हा नको, एकमेकांच्या दारात नको, म्हणून मूर्तिजापूर. अकोला आणि बडनेरा यांच्या जवळजवळ मध्यावर हे जंक्शन. शकुंतलेची छोटी गाडी होती तेव्हा आम्ही तेथे तासन् तास काढले आहेत. ती आता बंद पडली, पण मोठ्या लाइनवर गाड्या थांबतात, आणि एस.टी.ने यायचे तर रस्ताही सुधारला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तासांत करून जागतिक विक्रम झाला. ते असो. तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोनला मूर्तिजापूरच्या स्टँडवर मुलगी द्यायची, रविवारी पाचला तेथेच घ्यायची. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढते, म्हणून त्या दोन महिन्यांत शनिवारी संध्याकाळी सहा आणि रविवारी सकाळी नऊ. वऱ्हाडात वेळापत्रक करताना सूर्यालाही विचारावे लागते.

खर्चाचा प्रश्न आला. महिलांना एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धे. तेव्हा आईचा आणि मुलीचा मिळून एक पूर्ण तिकिटाचा खर्च. बापाकडून शनिवारी यायचे कोणी? तो तर कामावर. यावर मुलीचा आजा म्हणाला, "मी येतो नं. मले तं एस.टी. फुकट हाय." पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, त्याचा असा उपयोग होईल हे आमच्या डोक्यातही आले नव्हते. रविवारची सुटी बापाने सोबत्याशी बदलून घेतली. महिन्यातून दोन रविवार, त्याच्या बदल्यात सोबत्याचे दोन गुरुवार.

मग सुट्या. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे उन्हाळ्याची सुटी लांब. मे महिना बापाकडे, जून आईकडे, म्हणजे वह्यापुस्तके आणि गणवेशाची तयारी अमरावतीत होईल. आई अडून बसली. "टिनाचं घर हाय त्याईचं. मे महिन्यात अकोल्यात माही पोरगी भाजून निघन." अकोल्याचा मे महिना ज्याला माहीत आहे तो या बोलण्याला हसणार नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बापाने कूलर घेईन म्हणून सांगितले. आम्ही तेही कागदावर लिहिले : कूलर बसल्यावर. कोर्टाला हसू आले असते तर येवो! दिवाळीची सुटी निम्मी-निम्मी, आधीचा भाग एका वर्षी एकाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे. चौदा एप्रिल विषम वर्षी अमरावतीत, सम वर्षी अकोल्यात. बुद्ध पौर्णिमा बहुतेक मे महिन्यातच येते, म्हणून ती बापाकडे गेली. त्याच्या बदल्यात दीक्षाभूमीवर मुलीने आईबरोबर जायचे. तेथून परतल्यावर अकोल्याच्या धम्म मेळाव्याला आज्याने न्यावे, जर त्या दिवशी शाळा नसेल तर. वाढदिवस जिकडे असेल तिकडे, दुसऱ्याने फोनवर बोलायचे.

फोनचे वेगळे लिहिले. रोज संध्याकाळी साडेसात, दहा मिनिटे. ही आमच्या मनची गोष्ट नाही. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले आहे की, ज्याच्याजवळ मूल राहत नाही त्याला, विशेष कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे. व्हिडिओवर बोलता आले तर उत्तमच. त्यात आम्ही एक अट आमच्या पदरची घातली. बोलताना आईने शेजारी उभे राहून "विचार, पैसे कवा पाठवतो" असे सुचवायचे नाही, आणि बापाने "घरी कोण कोण येते" हे विचारायचे नाही. पोरीला टपालवाला करू नये.

सगळे मांडून झाल्यावर आम्ही सवयीप्रमाणे बेरीज केली. बेरीज दिवसांची करू नये, रात्रींची करावी. दिवसाच्या भेटीत मूल पाहुणे असते. सकाळी उठून त्याच मोरीवर दात घासले, म्हणजे ते घर त्याचे होते. शाळेच्या दहा महिन्यांतले वीस शनिवार, दिवाळीच्या आठ, मे महिन्याच्या सत्तावीस. एकूण पंचावन्न. बापाचा चेहरा उतरला. "वर्षाचे तीनशे पासष्ट, अन् मले पंचावन्न?" आम्ही विचारले, गेल्या वर्षी किती होत्या? तो बोटे मोजू लागला, आणि एका हाताची बोटेही पुरी झाली नाहीत.

पैशाचे काय, हे वाचक विचारतीलच. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे आणि भेट हीसुद्धा मुलाची गरज आहे. एक थकले म्हणून दुसरे बंद करता येत नाही. खावटी थकली तर आईने कोर्टात जावे. पूर्वी ज्याला कलम १२५ म्हणत ती तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. मुलीची भेट हे वसुलीचे साधन नव्हे. तसेच भेट मिळाली नाही म्हणून पैसे रोखणाऱ्या बापाचीही बाजू आम्ही घेणार नाही. आम्ही दोन वेगळ्या वह्या केल्या. एकीत तारखा, दुसरीत रकमा. मामाला हे पटायला तीन महिने लागले.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. जेथे मारहाण आहे, दारूच्या नशेत मुलावर हात उगारला जातो, किंवा मुलीबाबत त्याहून वाईट शंका आहे, तेथे आमची ही वही उघडायचीच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि भेट मुलाला अपायकारक असेल तर कोर्ट ती नाकारू शकते. समाजाच्या चार लोकांनी अशा बाईला "पोराच्या बापाले तोडू नको" म्हणून समजावणे हा अपराध आहे. आमच्याही हातून एकदा असे समजावणे झाले होते. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू.

अमरावतीत आणि अकोल्यात, दोन्हीकडे कौटुंबिक न्यायालय आहे. तेथे विवाह समुपदेशक बसतात. वकील देणे परवडत नाही, हे कारण आपल्या समाजाने तरी सांगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, आणि अनुसूचित जातीची कोणतीही व्यक्ती, पुरुषसुद्धा, मिळकत कितीही असली तरी मोफत वकील मागू शकते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. आणखी एक. मुलाच्या ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मूल वाढते, शाळा बदलते, बापाची बदली होते. तसा अर्ज करून तो बदलून मागता येतो.

आमच्या त्या दोघांचा अर्ज याच वेळापत्रकासह मंजूर झाला. सगळे सुरळीत चालले असे मात्र समजू नये. पहिल्या चार महिन्यांत आजा दोनदा चुकीच्या शनिवारी येऊन मूर्तिजापूरला बसून राहिला. एकदा इतिहासाचे पुस्तक अकोल्यात राहिले व सोमवारी बाईंचा ओरडा बसला. आता पुस्तकांचे दोन संच आहेत. बापाने एकदा न कळवता दांडी मारली, तेव्हा मुलगी तासभर रस्त्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून, येणे जमणार नसेल तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचे, ही ओळ वाढली. मुलगी नऊ वर्षांची झाली आहे. कॅलेंडर तिच्याच खोक्यावर लावले आहे आणि अकोल्याच्या शनिवारांना ती स्वतः निळी खूण करते. परत कधी येणार, हे आता ती कोणाला विचारत नाही. तीच दुसऱ्यांना सांगते.

या वर्षी एक नवाच पेच आहे. वर्ष सम, म्हणून चौदा एप्रिलची पाळी अकोल्याची. पण मुलीला अमरावतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकात घेतले आहे, रोज संध्याकाळी सराव चालला आहे. बाप म्हणतो, "कागद म्हणजे कागद." आई म्हणते, "पोरीलेच विचारा." मुलीला विचारले तर ती म्हणाली, "बाबा इकडे येऊन पाह्यतील नं?" आज्याला ते पटले आहे, बापाला अजून नाही. येत्या रविवारी आम्ही वही घेऊन मूर्तिजापूरला जाणार आहोत.